ड्रॅगन चालेल, नदी चालणार नाही

फँटसी कादंबरी उघडली की पहिल्या दोन पानांवर नकाशा असतो आणि माझं वाचन तिथेच अडतं. डोंगरांच्या रांगा, कोपऱ्यात वेटोळं घातलेला सागरी सर्प, उत्तरेला जिथे कोणीच जात नाही असा भयाण मुलूख (तिसऱ्या प्रकरणात सगळे तिथेच निघतात). या कशालाच माझी हरकत नाही. ड्रॅगन आला, येऊ दे. त्याने आग ओकली, ओकू दे. ती पोटात पेटते कशी, हे मी विचारणार नाही. पण एखादी नदी पश्चिमेच्या समुद्रातून निघून, मध्ये डोंगर चढून, पूर्वेच्या समुद्राला मिळालेली दिसली की पुस्तक मिटून मी पंख्याकडे बघत बसतो. सांगलीच्या माणसाला काहीही सांगा, नदीबद्दल थाप मारू नका.

आमच्याकडे नदी हा वर्णनाचा विषय नाही, मापाचा आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ ला धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं. पावसाळ्यात इथे भेटल्यावर ‘कसं काय?’ नंतर, आधी ‘किती फुटांवर?’ कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं हे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा विषय निघाला तर चहा गार होतो आणि दुसरा सांगावा लागतो. अशा गावात बसून फँटसी वाचणं म्हणजे सोनाराने नाटकातले दागिने निरखत बसण्यासारखं आहे. नाटक राहतं बाजूला.

म्हणून नकाशा तपासायची माझी रीत सांगतो. आधी नदीचा उगम शोधायचा. तो उंचावर हवा. मग फाटे बघायचे. समुद्राकडे जाताना नद्या एकमेकींना मिळत जातात, फुटत जात नाहीत. फुटल्या तर अगदी मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. आमच्या कृष्णेचंच बघा. महाबळेश्वरला उगम, माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना समोरून येऊन छातीला छाती भिडवते, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. सगळा जमेचा हिशोब, वजाबाकी कुठेच नाही. फँटसीतल्या नद्यांना मात्र वाटण्या करायची भारी हौस. एक नदी डोंगरातून निघते, सपाटीवर तिच्या तीन होतात आणि तिघी तीन राज्यांना पाणी पाजतात. पाणीवाटपाचा लवाद नाही, तंटा नाही. या एका कलमावर मी अख्ख्या कादंबरीचे दोन गुण कापतो.

तिसरी तपासणी राजधानीची. ती नदीकाठी असते, राजवाड्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या असतात. म्हणजे राजवाडा सरळ निळ्या पूररेषेच्या आत, जिथे बांधकामाला बंदी! राजाला परवानगी कोणी विचारायची, हे मान्य. पण बाराशे वर्षांच्या त्या राजवाड्याच्या एकाही भिंतीवर पाण्याची खूण नसावी? आमच्याकडे भाड्याचं घर बघायला गेलेला माणूस आधी भिंतीवरची ओल बघतो आणि मग भाडं विचारतो.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्कीन यांचं मात्र मला पटतं. आधी नकाशा काढला आणि मग गोष्ट त्यात बसवली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. घर बांधायच्या आधी मोजणी आणणारा हा माणूस. त्यांच्या मोर्डोर या खलनायकाच्या मुलखाभोवती डोंगर चक्क काटकोनात वळतात, यावर जाणकार नाक मुरडतात. मीही मुरडणार होतो, पण हेळवाकला कोयना दक्षिणेचा रस्ता सोडून तशीच काटकोनात पूर्वेला वळते हे आठवलं आणि थांबलो. डोंगराचं आणि नदीचं शास्त्र वेगळं हे मला कळतं, पण घरच्या माणसाला सूट दिल्यावर पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

त्यांच्या नावावर एक पाप मात्र नकळत चिकटलंय. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्यांनी एकच कादंबरी म्हणून लिहिली. ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली ती युद्धानंतरच्या कागदाच्या महागाईमुळे. श्राद्धाच्या दिवशी मधे मधे करणारं मांजर टोपलीखाली झाकलं, आणि पुढच्या पिढ्यांनी श्राद्धाला मांजर शोधून आणून झाकायला सुरुवात केली, तसं झालं. आता कागदाची टंचाई नाही, पण फँटसी तीन खंडांतच हवी. मधला खंड म्हणजे टोपलीखालचं मांजर. त्यात काहीही होत नाही. सगळे चालत असतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट बघता बघता आमच्याकडे २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर येऊन गेले. त्यामुळे माझा नियम साधा आहे: शेवटचा खंड दुकानात दिसल्याशिवाय पहिला विकत घ्यायचा नाही.

चालण्याचा विषय निघालाच आहे तर घोडे. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो सुका चारा आणि तीसेक लिटर पाणी लागतं. रोज टिकून चालायचं तर चाळीस-पन्नास किलोमीटर. त्यापुढे रेटलात तर दोन-तीन दिवसांत लंगडतो. कादंबरीतला घोडा रात्रंदिवस दौडतो आणि सकाळी नायक त्याची मान थोपटतो, एवढ्यावर भागतं. बरं, एकाचं राहू दे. ‘दहा हजार स्वारांचं सैन्य निघालं’ असं लेखक एका ओळीत लिहून मोकळा होतो. दहा हजार गुणिले आठ म्हणजे रोज ऐंशी टन कडबा! उसाच्या हंगामात एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन निघाला की मागे रस्ता कसा तुंबतो, ते बघितलेल्या माणसाला हे सैन्य वेशीबाहेर पडतानाच दिसेनासं होतं. शिवाय अंतिम युद्ध पावसात. पडद्यावर छान दिसत असेल, पण आमच्याकडच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर घोडदळ सोडा, एकटा माणूस बांधावरून खाली उतरला तर चप्पल रानात ठेवून परत येतो.

नात्यांचा घोळ वेगळाच. मुळात अंकल हा शब्दच राजकारणाला निरुपयोगी आहे. राजपुत्राच्या कानाशी कुजबुजणारा तो अंकल काका की मामा, हे कळल्याशिवाय कट कळत नाही. काका असेल तर त्याला स्वतःला गादी हवी. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाने ज्याच्याकडे धाव घेतली तोही काकाच. मामा असेल तर त्याला गादी भाच्यासाठी हवी आणि फासे त्याच्या हातात. आत्याचे यजमान असतील तर जेवण होईपर्यंत थांबतील आणि जातील. इंग्रजीत तिघेही अंकल, त्यामुळे चारशे पानांनंतर खुनी उघड झाला की तिकडच्या वाचकाला धक्का बसतो. मी पोस्टकार्डाएवढा जाड कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवतो आणि त्यावर नावं देवनागरीत, नात्यांसह उतरवतो. एक धोक्याची सूचना: शेवटी छापलेली वंशावळ त्यासाठी उघडू नका. तिथे कोणाचं कोणाशी लग्न होणार आणि कोण कधी मरणार, सगळं तारखेनिशी फोडलेलं असतं. नकाशाचा मात्र पहिल्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण राजधानी नेमकी दोन पानांच्या मधल्या शिवणीत जाते. ती बघायला पुस्तक ताणलं की नऊशे पानांच्या पेपरबॅकचा कणा मोडतो आणि दुसऱ्या खंडापर्यंत राज्य सुटं होतं.

जादूबद्दल हल्ली एक टूम निघालीय. जादूचे नियम हवेत, किंमत हवी, मर्यादा हवी. हे सांगताना लेखक असा आव आणतो की जणू हे त्यालाच सुचलं. हिरण्यकशिपूचा वर वाचा. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. अस्त्राने नाही, शस्त्राने नाही. एवढा चोख मसुदा निष्णात वकीलही करत नाही, आणि तरीही उंबरठा, तिन्हीसांजा आणि नखं एवढ्या फटी राहिल्याच. जादूचं खरं कौतुक त्या फटीत आहे. तिच्याऐवजी काही लेखक शंभर पानं नुसती नियमावली देतात: कोणता धातू खाल्ला की कोणती शक्ती येते, किती वेळ टिकते. तक्ते बघून सहकारी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल हातात आल्यासारखं वाटतं. याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. राक्षसांची खेळातली रीत सोपी: राळेचा भडका, एक आरोळी, आणि राक्षस हजर. तो कुठल्या नियमाने आला हे कोणी विचारलं नाही, कारण पुढच्या रांगेतली पोरं तोवर मागच्या रांगेत पोचलेली असत.

सध्या हातात आहे त्या कादंबरीने मला चकित केलं. सहाशे पानं नदी शिस्तीत वाहिली, उपनद्या योग्य दिशेने मिळाल्या आणि सातशेव्या पानाच्या आसपास चक्क पूर आला. देवळाच्या किती पायऱ्या बुडाल्या हेही लेखिकेने मोजून दिलं. मी कापलेले दोन गुण परत केले, वर एक दिला. पण पुढच्याच पानावर पाणी एका रात्रीत ओसरलं आणि सकाळी बाजार भरला! गाळ कुठाय? घराघरांतून फावड्याने चिखल उपसायचा, भिंती धुवायच्या, गाद्या टाकून द्यायच्या, यात आठवडे जातात. इथे भाजीवाली ताजी वांगी घेऊन बसली.

तेही सोसलं असतं. पण नायक जातो तो थेट तळघरातल्या ग्रंथालयात, भविष्यवाणीची पोथी आणायला. पुरात भिजलेलं पुस्तक मुळात उघडायचंच नसतं. पानं चिकटलेली असतात, ओढली की अक्षरं सोबत येतात. आधी बाहेरचा चिखल हलक्या हाताने काढायचा, पुस्तक आडवं ठेवून पाणी निथळू द्यायचं, मग जमतील तितक्या पानांच्या मध्ये कोरा टिपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. सावलीत, पंख्याखाली. उन्हात ठेवलं की कागद वेडावाकडा होतो आणि दोन दिवस नुसतं ठेवलं की बुरशी धरते. गुळगुळीत कागदाचं पुस्तक चिकटून वाळलं तर त्याची वीट होते, ती फक्त दाराला लावायच्या कामाची.

नायकाने पोथी उचलली आणि फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली. धूळ!