नाणं उचला, आधी काउंटरवेट बघा

जळगाव-भुसावळकडच्या रेकॉर्डवाल्या मंडळींत सध्या एक सल्ला या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, हलकी असली की टोनआर्मचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरवर ती डबी धरणाऱ्या दांड्याचं, मागचं वजन कमी पडतं. आर्म सेट करून झाला की हेडशेलवर, म्हणजे कार्ट्रिज बसते त्या पुढच्या टोकावर, रुपयाचं नाणं चिकटवा, सुई उडायची थांबेल, आवाजही भरदार येईल.

मागचं वजन कमी पडतं? भाऊ, पुढचं टोक हलकं झाल्यावर मागचं वजन जास्त होतं. हे मागचं वजन, म्हणजेच काउंटरवेट, आत, पिव्हटकडे (आर्म ज्यावर फिरतो त्या टेकूकडे) घ्यायचं. आटे संपले आणि तरीही आर्मचं नाक वरच राहिलं, तर मात्र हलकं काउंटरवेट तरी लावायचं, नाहीतर पुढे वजन द्यायचं. अशी वेळ येते, हे मान्य. ऑर्टोफोनच्या ओएम मालिकेतली कार्ट्रिज वरची धातूची पट्टी काढली की २.५ ग्रॅमची, पट्टीसकट ५ ग्रॅमची. म्हणजे जादा वजन कंपनीच देते. पण ते आधी पक्कं बसवायचं, मग अँटी-स्केट (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणूनचा ताण) शून्यावर ठेवून आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत तोलायचा, काउंटरवेटवरची आकड्यांची चकती शून्यावर आणायची आणि त्यानंतर कार्ट्रिजला सांगितलेलं वजन द्यायचं.

मेसेजमधला क्रम नेमका उलटा आहे. २०११च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं. १.७५ ग्रॅमवर लावलेल्या सुईवर ते ठेवलं की भार जवळपास साडेपाच ग्रॅम होतो. सुईमागचं रबर दबतं, सुई धरणारी बारीक दांडी वर चेपली जाते. भरदार वाटतो तो आवाज मुळात दबलेला असतो.

आता सुई उडण्याचं. नाणं लावून आर्म पुन्हा नीट तोलला, तरी हा मुद्दा उरतोच. आर्मचं प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारं वजन) १२, कार्ट्रिज ५, स्क्रू १ असे १८ ग्रॅम आणि सुईचा लवचीकपणा २० धरा. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याने १५९ला भागलं की आर्मची स्वतःची कंपनसंख्या मिळते: ८.४ हर्ट्झ. ८ ते १२ ही चांगली जागा. रुपया लावला की ती ७.६वर येते. जुनं, जाड, ९ ग्रॅमचं पाचाचं नाणं लावणारेही आहेत, त्यांची ६.८वर. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे याहून खालचे असतात, म्हणजे आपणच आर्मला त्यांच्या जवळ नेतो आणि सुई उडायला वाव देतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रेकॉर्ड सरळ राहते कुणाची? भुसावळच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीतल्या एलपी एकदा काढून बघा.

दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत: भार जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित. तेही नाही. सांगितलेल्या मर्यादेखाली गेलं की सुई खोबणीची भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावरच आदळते.

भार मोजायला जळगावच्या सुवर्णनगरीत काट्यांना काय तोटा! सराफ बाजारात बघाल तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. फक्त ताटली रेकॉर्डच्याच उंचीला आणा, आणि ती लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जाऊन आकडा फुगतो, म्हणून चुंबक न धरणारी घ्या. नव्या रुपयालाही चुंबक चिकटतं, हे फ्रीजवरचं मॅग्नेट लावून घरीच बघता येईल.