‘चुकलं तर एरर येईलच’? येत नाही!

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘जुना कोड सुधारत बसू नका, तो कचरा असतो. एआयकडून एका रात्रीत नव्या भाषेत लिहून घ्या. चुकलं तर एरर येईलच.’ वर्धा जिल्ह्यातल्या कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगचा काटा-पट्टीचा, म्हणजे वजन आणि हिशोबाची पावती काढणारा प्रोग्राम मी सांभाळतो, म्हणून हे उत्तर.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यांत घातक तोच. आमचा प्रोग्राम पायथन २ मधला, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतला. मी तो पायथन ३ वर नेला, प्रिंट या आज्ञेला नव्या पद्धतीनं कंस दिले, चालू झाला. आठवडाभरात एक काका पट्टी घेऊन खिडकीशी आले. ‘एक रुपया कमी काहून आहे जी?’ कापूस १,२४५ किलो, भाव क्विंटलला ७,०१० रुपये. वहीत त्यांनी मांडलं होतं: ८७,२७४ रुपये ५० पैसे, म्हणजे ८७,२७५. पायथन २ चं राउंड, म्हणजे पूर्णांकात आणणारी आज्ञाही तेच द्यायची. पायथन ३ मात्र नेमकी अर्ध्यावर आलेली रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतं, म्हणून पट्टीवर ८७,२७४. एरर नाही, इशारा नाही. चूक पकडली ती काकांच्या वहीनं.

गाठींचंही तसंच. १,७४५ किलो रुईला एका गाठीच्या १७० किलोंनी भागलं की जुना प्रोग्राम १० पूर्ण गाठी दाखवायचा, नवा १०.२६ दाखवतो. पायथन २ चा कोड आपोआप ३ मध्ये बदलून देणारं टू-टू-थ्री हे साधन हा भागाकार जसाच्या तसा सोडतं.

आता ‘कचरा’. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की वजावट, बाराच्या वर खरेदी बंद, अशा अटी आमच्या कोडमध्ये विखुरलेल्या आहेत. वाचणाऱ्याला त्या विचित्र वाटतात. पण काट्यावरचा व्यवहार तिथंच लिहिलेला आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

एका रात्रीत? नेटस्केप या कंपनीनं १९९८ मध्ये आपला ब्राउझर नव्यानं लिहायला घेतला. आवृत्ती ५ आलीच नाही, ६ आली ती २००० च्या शेवटी. तोवर मैदान मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझरकडे गेलं होतं.

मेसेजमधलं एक खरं आहे: जुन्यावर बसून राहता येत नाही. पायथन २ ला मिळणारा अधिकृत आधार, म्हणजे दुरुस्त्या, १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणून मी गेल्या हंगामाच्या पट्ट्या दोन्ही प्रोग्राममधून काढतो आणि आकडा हलला की तिथंच थांबून कारण शोधतो. रुपयांचं राउंड आता पायथनच्या डेसिमल या दशांश हिशोबाच्या सोयीनं, अर्धा वर नेऊन. पट्ट्या जुळल्या, गाठींचं पान बाकी आहे.