‘सिनियर नुसत्या व्हेकन्सी फॉरवर्ड करतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोल्हापूरच्या कारखान्यांत एचआरचं काम करणाऱ्यांनी आपापल्या गेटबाहेर येऊन एकमेकांना धरून राहावं आणि नव्या मुलामुलींनी सुरुवातीची काही वर्षं तरी प्लँटमध्ये काढावीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत चार वर्षं एक्झिक्युटिव्ह म्हणून काम करणाऱ्या तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. ग्रुपवर सिनियर व्हेकन्सी आणि गुड मॉर्निंग टाकतात, अडचण विचारली की ‘पर्सनलवर बोलू’ म्हणतात आणि बोलत नाहीत. हेच सिनियर एकमेकांना फोन करून ‘पोरगं कसं आहे’ विचारतात आणि त्या फोनवर एखाद्याची हातातली ऑफर जाते. आणि बरोबरीचे पुण्याला जाऊन दुप्पट पगार घेत असताना ‘इथंच राहा’ हा सल्ला फक्त मालकांच्या सोयीचा आहे.

फोनच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो सगळ्यात गंभीर आहे.

असे फोन होतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा तिन्ही वसाहती धरल्या तरी एचआरवाले एकमेकांना तोंडओळखीनं तरी माहीत असतात. एखाद्या ऑपरेटरनं जुन्या ठिकाणी बोनससाठी चार माणसं गोळा केलेली असतात. नव्या ठिकाणाहून फोन येतो आणि इकडून उत्तर जातं, ‘कामाला चांगला आहे, पण जरा बघा.’ त्या ‘जरा बघा’वर त्याचं जॉइनिंग थांबतं आणि का थांबलं हे त्याला कधीच कळत नाही. त्याला खुलासा करायची संधी नसते, कागदावर काही नसतं, आणि सांगणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. याला मी सहकार्य म्हणत नाही. हा आपल्या पेशाशी केलेला दगा आहे. जुन्या कंपनीनं सांगायचं ते रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा आणि हिशेब पूर्ण झाला की नाही, एवढंच. तेही लेखी आणि उमेदवाराला माहीत असताना. आम्ही जे मोजके लोक एकत्र बसतो, तिथं कुणा कामगाराचं नाव घ्यायचं नाही आणि कुणाचा वैयक्तिक पगार काढायचा नाही, हा पहिला नियम आहे. ‘आपण सगळ्यांनी मिळून हेल्परला अमुक रकमेच्या वर द्यायचं नाही’ असं कुणी सुचवलं, तर त्या बैठकीतून उठून जायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण यावरून ‘मग एचआरवाल्यांनी एकत्र येऊच नये’ हा जो निष्कर्ष तुम्ही काढलात, तो मला मान्य नाही. ज्यांच्या हातात खुर्ची आहे ते फोन करतच राहणार, त्यांना बैठकीची गरजच नाही. बैठक बंद पडली तर एकटं कोण पडेल? तुम्ही. ज्याच्या फोनमध्ये अजून कुणाचे नंबर नाहीत, तो.

आणि माहितीची देवाणघेवाण कामगारांच्या विरोधातच जाते असंही नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आलं की आपण सगळे आकडे बघायला लागतो, त्या वेळी तर ते ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कुठल्या कुठे गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. कामगार गावात अडकलेले, मस्टरवर (हजेरीपटावर) काय मारायचं हा प्रश्न प्रत्येक टाइम ऑफिसमध्ये. बिनपगारी, शिल्लक रजा, की हजेरी? त्या दिवसांत आम्ही एकमेकांना सारखे फोन करत होतो. एका कारखान्यानं पूर्ण हजेरी दिली हे कळल्यावर दुसऱ्या तिघांना आपल्या साहेबांसमोर ठामपणे उभं राहता आलं. ‘शेजारी देतायत’ हे वाक्य मालकासमोर कायद्याच्या कलमापेक्षा जास्त चालतं, हा अनुभव आहे.

आता ग्रुपवर उत्तर मिळत नाही, याबद्दल. दोनशे-तीनशे जणांच्या ग्रुपमध्ये कन्सल्टंट असतात, ठेकेदार असतात, पुष्कळदा स्वतःचा बॉस असतो. तिथं ‘आमच्याकडे असं झालं होतं, आम्ही असं निस्तरलं’ हे लिहायला सिनियर धजत नाही. आपल्याच कंपनीची लक्तरं बाहेर काढल्यासारखं होतं. प्रत्येक वेळी तो माज नसतो, भीतीही असते. म्हणून मी मोठ्या ग्रुपचा आग्रह धरत नाही. पाच-सहा माणसं, एकमेकांना तोंडानं ओळखणारी, रात्री फोन उचलणारी. एवढं पुरतं.

विचारण्याच्या पद्धतीनंही फरक पडतो. ‘कुणाकडे ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) माहिती आहे का’ याला कोण काय उत्तर देणार? पण रात्रपाळीला एका फौंड्रीतून आलेला हा फोन बघा : कंत्राटी कामगार, कामाचा दुसराच दिवस, पोअरिंग करताना (वितळलेला धातू ओतताना) हात भाजला, ईएसआय नोंदणी अजून झालेली नाही, ठेकेदार फोन उचलत नाही. विचारणाऱ्या मुलीचा आवाज कापत होता. पलीकडच्या कारखान्यातल्या एचआर मॅनेजरनं तिला आधी माणसाला दवाखान्यात हलवायला लावलं. मग सांगितलं की नोंदणीला नेमणुकीपासून १० दिवस असतात आणि कामावर झालेल्या इजेचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, तेव्हा ‘हा आपला माणूसच नाही’ असं कुणी साहेब म्हणाला तरी ऐकायचं नाही. हजेरीचं पान आणि गेट रजिस्टरची नोंद लगेच सांभाळून ठेव, अपघाताचा अहवाल २४ तासांत गेला पाहिजे, ठेकेदाराची वाट बघू नको. हे सगळं तिला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर) वर्गात शिकवलं होतं, पण रात्री दोन वाजता ते आठवत नाही. कुणीतरी फोनवर क्रमानं सांगावं लागतं.

याच्याही पुढचं एक सांगते, कारण माझ्या आग्रहाचं खरं कारण तिथं आहे. आपलं काम माणसाला आतून एकटं पाडतं. युनियन म्हणते तुम्ही मालकाची माणसं, मालक म्हणतो तुम्ही कामगारांचंच बोलता. १९४८च्या कारखाना कायद्यानं ५०० कामगारांवर कल्याण अधिकारी नेमायला सांगितलं, नव्या श्रम संहितेनं ती संख्या २५०वर आणली. पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकच माणूस सकाळी कँटीनमधल्या पातळ आमटीची तक्रार ऐकतो आणि दुपारी त्याच कामगाराला चार्जशीट देतो. मन मोकळं करायला कारखान्यात त्याला कुणीच नसतं.

एका मैत्रिणीचा प्रसंग तिच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतपत सांगते. तिच्याकडे लैंगिक छळाची तक्रार आली, आणि ज्याच्याविरुद्ध आली तोच तिचं अप्रेझल करणारा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं तक्रारदाराचं, आरोप असलेल्याचं, साक्षीदारांचं नाव बाहेर सांगायला मनाई आहे. म्हणजे घरीसुद्धा बोलायची सोय नाही. आम्ही तिघीजणी राजारामपुरीत एकीच्या घरी बसलो. तिनं एक नाव घेतलं नाही आणि आम्ही एक नाव विचारलं नाही. प्रश्न एवढेच होते : ज्याला मी रिपोर्ट करते त्याच्या चौकशीत मी अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीवर बसावं का? बाहेरच्या सदस्यांना पहिल्या दिवसापासून कसं सामील करून घ्यायचं? चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, ती शिफारस समितीनं कशी लिहायची? ९० दिवसांची मुदत कशी पाळायची? एकीनं नोटिशीचा कोरा मसुदा आणला होता. दुसरीनं सांगितलं की साक्षीदारांना एकाच बाकावर बसवू नकोस, वेळा वेगवेगळ्या दे. मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी लेखी कळवून स्वतः समितीतून बाजूला व्हायचं ठरवलं. तिथं आम्ही दोघी नसतो तर तिनं राजीनामा दिला असता, हे तिनंच सांगितलं. गोपनीयता पाळूनही मदत करता येते ती अशी. आणि ही मदत ज्यांनी तोच रस्ता चालून पार केला आहे त्यांच्याकडूनच मिळते.

पुण्याचा मुद्दा. माझा सल्ला ‘कोल्हापूर सोडू नका’ असा नव्हता, ‘प्लँट लवकर सोडू नका’ असा होता. चाकण-रांजणगावच्या कारखान्यात गेलात तरी माझ्या लेखी ते चांगलंच आहे. भीती वाटते ती चार-पाच वर्षं फक्त रिझ्युमे चाळण्यात जाण्याची. माणूस कामावर येतो तो क्षण तेवढा तुम्हाला दिसतो, तो का टिकतो आणि का जातो हे दिसत नाही. करवीर, राधानगरी, कागलचे कामगार रोप लावणीत आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला का गैरहजर राहतात, आणि त्या आठवड्याचं प्रॉडक्शन प्लॅनिंग आधीच कसं बदलून घ्यायचं, हे मस्टर वाचणाऱ्यालाच समजतं. डोमेस्टिक इन्क्वायरी (कामगाराची कंपनीतली चौकशी), युनियनबरोबर सेटलमेंटच्या वाटाघाटी, लेबर कोर्टाच्या तारखा, हे सगळं प्लँटमध्येच हाती लागतं. पुढं स्वतःची कम्प्लायन्स प्रॅक्टिस काढायची असो, एलएलबी करून लेबरच्या केसेस बघायच्या असोत, की मोठ्या कंपनीत आयआर (कामगार-व्यवस्थापन संबंध) सांभाळायचं असो, मुलाखतीत हेच विचारतात. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे औद्योगिक न्यायालयाच्या आदेशावर रिट करायला मुंबई गाठावी लागत नाही. या क्षेत्रात जाणकार माणसांना इथं काम वाढणार आहे असं मला वाटतं.

पगाराबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, आणि ते मालकांनीही वाचावं. एमबीए, एमएसडब्ल्यू झालेल्या माणसाला ‘एचआर ऑफिसर’ म्हणायचं, क्लार्कचा पगार द्यायचा आणि पीएफच्या चलनापासून पाहुण्यांच्या गाडीपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात घालायचं, ही पद्धत आपल्या वसाहतींत रुळली आहे. म्हाद्बा मेस्त्री आणि वाय. पी. पोवारांसारख्यांनी जिथं उद्योग उभे केले, त्या गावाला हे शोभत नाही. म्हणून कुणी पुण्याला गेलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

आता तुम्ही शेवटी विचारलंत, ‘आम्ही येऊन काय करायचं, सिनियरांची भाषणं ऐकायची?’

नाही. २१ नोव्हेंबर २०२५ला चार श्रम संहिता लागू झाल्या, २९ कायदे त्यांत गेले. वीस-पंचवीस वर्षं जुनी कलमं तोंडपाठ असलेले आमच्यासारखे आणि तुम्ही आज जवळपास एकाच रेषेवर उभे आहोत. भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, त्यानं ग्रॅच्युइटीचा बोजा किती वाढतो. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत कसं चुकतं करायचं, जेव्हा स्टोअर्सचं नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) यायलाच आठवडा लागतो. मुदतबंद (ठरावीक मुदतीच्या करारावरच्या) कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी द्यायची तर ठेकेदारांशी करार कसे बदलायचे. हे प्रश्न सगळ्यांसमोर आहेत. तुमच्याच प्रतिक्रियेत एक ओळ आहे, जी तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलीत : वेतनाच्या नव्या व्याख्येप्रमाणे सगळ्या प्लँटचं वेतनपत्रक तुम्ही एकट्यानं बसून बदललंत आणि कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी विचारते आहे. पुढच्या बैठकीत हा विषय तुम्ही मांडा. कंपनीचा कागद आणू नका, काल्पनिक आकडे घेऊन एक नमुना पत्रक करा आणि कुठं अडलात ते सांगा. आमच्यातल्या तिघांचं काम अजून तिथंच अडलं आहे. बैठक शनिवारी संध्याकाळी असते. तुमची सेकंड शिफ्ट असेल तर तसं कळवा, रविवारी सकाळी ठेवू.