तंबोरा उतरतो, बासरी चढते : तबलजी काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, (नाव लिहिलं नाहीत, खाली नुसतं 'एक जुना तबलजी' आहे, पण चाळीस वर्षं भजनी मंडळात वाजवतोय म्हणताय म्हणून काका म्हणतो, चालेल ना?) तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्यांदा डोकंच फिरलं. मग आईनं चहा दिला, परत वाचली, आणि मग लक्षात आलं की च्यायला बरोबर आहे यांचं. निदान दीड मुद्दा तरी.

ज्यांनी मूळ भानगड वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की उन्हाळ्यात हवा तापते, तापलेल्या हवेत आवाजाचा वेग वाढतो, म्हणून मे महिन्यात सगळी वाद्यं चढतात. त्यावर काकांनी लिहिलं की सोलापुरात मे महिन्यात तंबोरा लावून बघितलाय का कधी, उतरतो तो. दुसरं म्हणजे शाई (तबल्याच्या कातड्यावरचा तो काळा गोल) हे कातड्यावर ठेवलेलं नुसतं वजन आहे असं लिहायला लाज वाटायला पाहिजे. तिसरं, पेटीला सूर मिळवा, पेटी चुकत नाही, ते सूर लावायचं मोबाईलचं अ‍ॅप बंद करा. आणि जाता जाता टोमणा, की त्यापेक्षा मिलचा भोंगा रात्री एवढ्या लांब का ऐकू यायचा ते सांगा, कुणाच्या उपयोगी तरी पडेल.

तर तंबोऱ्यापासून. चूक माझी, सरळ कबूल. आणि चूक कशी झाली ते सांगतो कारण ही चूक शिकलेली माणसंच जास्त करतात. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो हे खरंच आहे, शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, पुढं दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं वाढत जातो, २० अंशाला ३४३ होतो आणि आपल्या ४२ च्या दुपारी ३५६ च्या आसपास. पण तंबोऱ्याचा सूर हवेत ठरतच नाही ओ. तो तारेत ठरतो. तार किती लांब, किती जाड आणि किती ताणलेली या तीन गोष्टींवर, आणि हे मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६३६ सालीच लिहून ठेवलंय. तार सेकंदाला १३८ वेळा हलली की हवाही १३८ वेळाच हलणार, मग हवा सोलापूरची असो नाहीतर महाबळेश्वरची. हवेचं काम नुसतं निरोप पोचवायचं, पोस्टमननं पत्र लवकर आणलं म्हणून आतला मजकूर बदलत नाही.

बरं मग उतरतो का? तार तापते म्हणून. माझ्याकडं मिरजेचा एक जुना तंबोरा आहे (भोपळा त्याचा आपल्याच जिल्ह्यातला, पंढरपूरकडचा, असं देणाऱ्यानं सांगितलं होतं). त्याची पोलादी जोडाची तार (मधल्या दोन सारख्या तारांतली एक) खालच्या काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, सेकंदाला १३८ कंपनांवर लावली तर हिशोबानं मीटरभर तार ताणून फक्त तीनेक मिलिमीटर लांब झालेली असते. आता दहा अंश तापमान वाढलं की तीच तार आपोआप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून जरा जास्त वाढते. दिसायला काहीच नाही. पण तीन मिलिमीटरच्या ताणातला ०.१२ गेला म्हणजे चार टक्के ताण गेला, आणि सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो म्हणून सूर दोन टक्के खाली. सा ते कोमल रे (साच्या लगतचाच वरचा सूर) हे अंतरच मुळात सहा टक्क्यांचं आहे, त्यातले दोन गेले! लाकूडही थोडं वाढतं त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी, पण तुम्ही म्हणता तसं कानाला खटकणारच, आणि कुणीतरी मधेच उठून मणी सरकवत बसणारच. पोस्टमधला तो परिच्छेद खोडलाय.

पण बासरीवर मी ठाम आहे. बासरीत हलणारी गोष्टच हवा आहे, नळीत कोंडलेला हवेचा खांब. तिथं वेग वाढला की सूर चढणारच, २० वरून ४२ म्हणजे जवळपास पावणेचार टक्के, कोमल रेच्या वाटेवर अर्ध्याच्या पुढं. खरं तर एवढं चढत नाही कारण फुंकर आपली तिसाच्या वरच असते, थंडीतही आतली हवा गरम होत राहते, बासरीवाला आधी पाच मिनिटं नुसता फुंकत बसतो ते त्यासाठीच. आणि पेटी? तिथं पितळी पत्ती हलते, तिचा सूर पत्तीच्या लांबी-जाडीवर आणि कडकपणावर, तापली की पत्ती किंचित मऊ पडते, सूर अगदी नखभर खाली, विसरून जा. म्हणजे मे महिन्यातल्या एका भजनात बासरी वर चालली, तंबोरा खाली चालला, पेटी जागच्या जागी आणि गाणारा मधे घामानं भिजलेला. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत पत्र्याच्या शेडखाली हेच झालं होतं आणि सगळे मिळून बासरीवाल्या पोराला बोलत होते, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तबल्याचं तर तुम्हाला मी काय सांगू. तिथं तापमानापेक्षा ओल महत्त्वाची. कातडं ओल पितं आणि सैल पडतं, कोरडं झालं की आवळतं, म्हणून आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पुडी (तबल्याचं मढवलेलं कातडं) चढते आणि आषाढात बसते. हलगीवाले वरात निघायच्या आधी रस्त्याच्या कडेला कागद, चिपाडं पेटवून हलगी शेकतात, एकजण जाळावर फिरवतो, मधेच बोटानं टिचकी मारून ऐकतो, नाही म्हणून मान हलवतो, परत फिरवतो, आणि एक टिचकी अशी येते की तो उठतोच. मी लहानपणी ते बघत उभा राहायचो. आणि मोठेपणी अक्कल अशी की मे महिन्यात तबला कूलरसमोर ठेवला, कातड्याला गार वाटावं म्हणून! कूलरची ओली हवा, अर्ध्या तासात पुडी बसली, वाजवणारा हातोडी घेऊन गठ्ठ्यांवर (कातडं ताणायचे लाकडी ठोकळे) आणि माझ्यावर दोन्हीकडं बघत होता.

आता शाई. इथं मी अर्धाच चुकलोय असं माझं म्हणणं. शाई वजन आहेच. पण 'नुसतं' वजन लिहिलं ते चुकलं, कारण ते वजन कुठं आणि कसं ठेवलंय यातच सगळी गंमत आहे. साधं गोल कातडं ताणून वाजवलं, म्हणजे हलगीच घ्या, तर त्यातून एक सूर येत नाही, मूळ सुराबरोबर त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे सूर निघतात, कुणाचं कुणाशी जमत नाही. म्हणून हलगी कडाडते पण ती कुठल्या पट्टीत आहे असं कुणी विचारत नाही. तारेत मात्र दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ सूर असतात म्हणून कान त्यांना एकच सूर समजतो. तबल्याच्या शाईनं हे केलं की कातड्याचे ते विस्कटलेले सूर ओढून जवळजवळ १, २, ३, ४, ५ च्या रांगेत आणून बसवले. कातडं तारेसारखं बोलायला लागलं. हे कुणी शोधलं तर सी. व्ही. रामन यांनी, नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी, १९२० साली त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये छापलं, मग १९३४ ला रामननी सविस्तर लिहिलं. अर्थात शाई चढवणाऱ्या कारागिरांनी हे त्याच्या कितीतरी आधी नुसत्या कानानं जमवलं होतं, एकेक थर लावायचा, दगडानं घोटायचा, ऐकायचं, परत थर. घोटताना शाईला त्या बारीक भेगा पडतात ना, त्या पण हव्यातच, एकसंध कडक थापी बसली तर कातडं वाकणार कसं.

घरी करून बघायचं असेल तर तबल्यावर चिमूटभर एकदम बारीक कोरडी वाळू भुरभुरवा आणि अनामिका शाईच्या काठावर टेकवून चाटेवर (कातड्याच्या बाहेरच्या कडेवर) 'ना' मारा. वाळू उडते आणि कातड्याच्या मधून जाणाऱ्या एका रेघेत जमते, बोट टेकलंय त्या रेघेत. म्हणजे ती रेघ हललीच नाही, दोन्हीकडचं कातडं झोपाळ्यासारखं आळीपाळीनं वरखाली झालं. बोट टेकवून तुम्ही मूळ सूर दाबला आणि दुपटीचा मोकळा सोडला. रामननीही वाळूच वापरली होती. (नंतर ब्रशनं नीट झाडा, नाहीतर मला परत शिव्या येतील.)

पण काका, पेटी चुकत नाही हे मला मान्य नाही, इथं भांडणार. सा मिळवायला पेटी चांगली. गंधाराला नाही. समजा सा २४० ला आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार (सगळ्यात खालच्या सुराची, १२० ची) नीट जवारी लावलेली, म्हणजे घोडीवर झणकारेल अशी बसवलेली असेल तर तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, तारेचा पाचपट सूर तो, म्हणजे ६००, आणि एक सप्तक खाली आणला तर बरोबर ३०० येतो, २४० च्या साशी पाचास चार. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेत, कुठूनही सा धरता यावा म्हणून, त्यामुळे तिचा गंधार ३०२.४ ला बसतो. दोन-अडीच कंपनांचा फरक, लहान वाटतो, पण वरच्या सुरात तो चौपट होतो आणि कुरकुर ऐकू येते. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती त्यामागं हाही एक आक्षेप होता. बंदी अतिच होती असं माझं मत आहे, आमच्या घरी पेटीशिवाय एक आरती झाली नाही. पण चुकत नाही म्हणू नका.

आणि अ‍ॅपबद्दल तुम्ही जिंकलात, कारण वेगळं सांगतो. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडं कापड विणायचे यंत्रमाग. दोन माग एकाच मोटारीवर नसले की त्यांचे ठोके थोडे मागेपुढे व्हायचे. रात्री अंथरुणात पडून मी ऐकायचो, खटखट आधी वेगवेगळी, मग जवळ जवळ येत एकदम एक होऊन मोठी, परत फाटायची. समजा एक माग मिनिटाला १२० ठोके आणि दुसरा १२२, तर मिनिटात दोनदाच ते जुळणार. जोडाच्या दोन तारा लावताना तुम्ही जो डोल ऐकता तो हाच, पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. एक तार १३८ आणि दुसरी १३९ असेल तर सेकंदाला एक डोल. डोल लांबत लांबत दहा सेकंदाला एक झाला तर दोन तारांत फक्त ०.१ कंपनाचा फरक राहिला, आणि तो तुम्ही नुसत्या कानानं पकडलात. माझं फुकटचं अ‍ॅप तेवढं बारीक दाखवायच्या आत काटा थरथरवत बसतं, आणि शेजारी माग चालू असेल तर मागाचाच सूर दाखवतं.

राहिला भोंगा. रात्री गोंगाट कमी हे एक कारण झालं, पण खरं कारण जमिनीचं. रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार होते आणि वरची हवा त्या मानानं गरम राहते. म्हणजे खाली आवाजाचा वेग कमी, वर जास्त. बैलजोडीत एक बैल हळू पडला की गाडी त्याच्याच अंगाला वळते ना, तशी आवाजाची लाट हळू हवेकडं, म्हणजे खाली जमिनीकडं वळते, वर निसटून जात नाही आणि पार गावाबाहेरच्या वस्तीवर जाऊन उतरते. मे महिन्याच्या दुपारी बरोबर उलटं, जमीन भट्टीसारखी, खालची हवा सगळ्यात गरम, लाट वर आभाळाकडं वळते, म्हणून दुपारच्या पाळीचा तोच भोंगा दोन पेठा ओलांडेपर्यंत विरायचा. ते अंशाला ०.६ मीटरचं गणित खरं इथं लावायचं होतं, मी ते तंबोऱ्याला लावून बसलो होतो.