त्याला उठून जाऊ द्या, विचारायला लावू नका

ही पोस्ट शिक्षकांसाठी आहे, नातेवाइकांसाठी आहे आणि ज्या घरात डॉक्टरांच्या तोंडून नुकतंच ‘आयबीडी’ ऐकलंय त्या आईबापांसाठी आहे. विषय पोटाचा, संडासाचा आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या अब्रूचा आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. माझ्या मुलाला विचारूनच लिहिते आहे. त्याचं आणि शाळेचं नाव यायचं नाही ही त्याची अट.

त्याला क्रोन्स आहे. सध्या नववीत आहे. आयबीडी म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज येऊन जखमा होण्याचा, वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे दोन मुख्य प्रकार. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. एका डब्यात जेवल्याने हा आजार लागत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण डबे वेगळे झालेले मी पाहिलेत. आणि हा म्हातारपणाचा आजार नाही. साधारण पाव रुग्णांना तो विशीच्या आतच गाठतो.

आता मुख्य मुद्दा. मोठी माणसं सहज म्हणतात, “जरा दाबून धर, तास संपू दे.” सुजलेल्या आतड्याला हे जमत नाही. कळ आली की हातात मिनिट-दोन मिनिटं असतात, कधी तेवढीही नसतात. त्यात आणखी एक त्रास असा की, जाऊन आलं तरी पोट साफ झालंय असं वाटत नाही. आतड्याचा शेवटचा भाग सुजलेला असला की आत काही नसतानाही जायची भावना होत राहते. मूल जातं, कुंथतं, थोडी आव पडते, परत येऊन बाकावर टेकतं आणि पुन्हा हात वर करतं. फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, हा तास चुकवतोय.

“आत्ताच जाऊन आलास ना?” एवढंच वाक्य. ते रागानेही म्हटलेलं नसतं. पण सगळा वर्ग वळून बघतो, आणि त्या वयाच्या मुलाला तेवढं पुरतं. माझ्या मुलाने यावर स्वतःच उपाय शोधला: शाळेत जायचं असेल त्या दिवशी खायचं नाही. सकाळी दुधाचा घोट नाही, डबा तसाच परत, पाण्याची बाटली भरलेली. आतड्याच्या आजारात आधीच अन्न नीट अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, उंची खुंटते, वयात येणं लांबतं. अशा मुलाने प्रश्नाच्या भीतीने उपाशी राहायचं! औषधावर हजारो रुपये खर्च करायचे आणि वर्गातल्या एका नियमापायी मूल वाळत जायचं, हे मला मान्य नाही.

म्हणून आम्ही डॉक्टरांचं पत्र घेऊन मुख्याध्यापिकांना भेटलो. मागण्या साध्या होत्या. त्याला दाराजवळचा बाक द्यावा. विचारायची गरज नसावी. उठावं आणि जावं, परत आल्यावर कुणी काही बोलू नये. मुलांच्या संडासाला कडी नव्हती आणि नळाला पाण्याचा भरवसा नव्हता, त्यामुळे शिक्षकांचा संडास त्याला वापरू द्यावा. कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल ऑफिसात ठेवू द्यावा. पीटीच्या तासाला थकवा असेल तर बसू द्यावं, पण खेळायचं की बसायचं हे त्यालाच ठरवू द्यावं. सगळ्याच तासांना येणाऱ्या शिक्षकांना हे कळवावं, बदली शिक्षकांनाही.

“एकाला सवलत दिली की सगळेच मागतील,” असं एका शिक्षकांनी म्हटलं. त्यांच्या काळजीत खोट नव्हती, पण झालं काय? कुणीही मागितली नाही. वर्गाला सवय झाली, वळून बघणं थांबलं, आणि तो डबा खाऊ लागला. समजा, एखाद्या दिवशी त्याने गणिताचा तास खरंच टाळला, तरी बिघडलं काय? त्या जोखमीची किंमत एक तास आहे. उलट बाजूची किंमत कपडे खराब होऊन वर्गात बसलेलं मूल आहे, आणि ते मूल पुन्हा शाळेत यायला तयार होत नाही.

कागदावर आपल्या हातात काय आहे, तेही पाहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलं आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं हवीत असं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासुद्धा आहेत, आयबीडी नाही. म्हणजे सगळं शिक्षकांच्या चांगुलपणावर. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अ‍ॅली बेन नावाच्या क्रोन्स असलेल्या १४ वर्षांच्या मुलीला एका दुकानात कर्मचाऱ्यांचा संडास वापरू दिला नाही. ती आणि तिची आई लोकप्रतिनिधीकडे गेल्या, आणि २००५ मध्ये अशा रुग्णांना दुकानातला संडास वापरू देण्याचा कायदा झाला. नंतर तसे कायदे तिथल्या इतरही राज्यांत झाले. ब्रिटनमध्ये रुग्णांची संघटना एक कार्ड देते. ते दाखवलं की काही समजावत बसावं लागत नाही. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. वर्गातल्या दारासाठी मात्र कायदा लागत नाही, एका बाईंचा होकार पुरतो.

हेच घरालाही लागू आहे. दार वाजवून “झालं का?” विचारणं, पाहुण्यांसमोर “आज किती वेळा?” विचारणं बंद करायला हवं. डॉक्टरांना माहिती लागते, हे खरं: किती वेळा, रक्त पडलं का, पोटात किती दुखलं, रात्री झोपेतून उठावं लागलं का, वजन किती. आमच्याकडे हे रात्री एकदाच, तो स्वतः वहीत लिहितो. रक्त, ताप, रात्रीचं उठणं किंवा न थांबणारं दुखणं असेल तर लगेच सांगायचं, एवढा करार. बाकी दिवसभर विषय नाही. आजीने तर कधीच काही विचारलं नाही. न्हाणीघरातली बादली भरलेली ठेवते आणि मऊ भात लावते.

खाण्याबद्दल प्रत्येकाकडे सल्ला असतो. गहू बंद करा, दूध बंद करा, नुसत्या ताकावर ठेवा. सगळ्यांना चालेल असा एकच आहार या आजाराला नाही. त्रास वाढलेला असताना मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, उकडलेला बटाटा, केळं, अंडं असं सोसेल ते द्यायचं. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर सालं, बिया, चोथा टाळायला सांगतात. एरवी पोटभर आणि सगळं खाऊ द्यायचं. वाढीच्या वयात एकेक पदार्थ कमी करत नेणं हा उपचार नव्हे.

एक आहार मात्र खरोखर औषध आहे, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं. मुलांच्या क्रोन्समध्ये ६ ते ८ आठवडे बाकी अन्न पूर्ण बंद करून फक्त डॉक्टरांनी दिलेलं द्रव पोषण घ्यायचं. सूज उतरवायला ते स्टिरॉइडइतकंच उपयोगी पडतं, आणि वाढीला मारक ठरत नाही. कोलायटिसमध्ये त्याचा असा उपयोग होत नाही. आमचे ते आठवडे नेमके गणपतीत आले. घरात उकडीचे मोदक, आणि हा पेला घेऊन बसलेला. “एका मोदकाने काय होतंय?” हे प्रेमानेच म्हटलं जातं, पण ‘फक्त’ पाळलं तरच तो उपचार आहे. मी प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच्या आत्तेबहिणीने काय केलं, तर आरतीनंतर त्याच्याच पावडरीचा एक पेला स्वतःसाठी करून घेतला आणि त्याच्या शेजारी बसून संपवला. मुलाला सोबत कशी करायची, हे त्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. नव्याने सुरू करणाऱ्यांना सांगते: पेय गार करून, झाकणाच्या पेल्यात, स्ट्रॉने द्या; वास कमी येतो.

औषधांचं थोडक्यात. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, भूक आणि चिडचिड वाढते. मुलाला आधीच सांगून ठेवा की हे औषधामुळे आहे आणि डोस उतरला की ओसरेल. ते मनाने एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची क्रिया मंदावलेली असते, एकदम थांबवणं धोक्याचं ठरतं. ताप-अंगदुखीला आयब्रुफेन विचारल्याशिवाय नको, त्याने आजार उसळू शकतो. लसींबद्दलही आधी विचारा; प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत लसी (ज्यांत कमजोर केलेले जिवंत जंतू असतात) सहसा देत नाहीत. निदानाला वेळ लागला म्हणून लगेच डॉक्टरांवर चिडू नका. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून, कधी बायोप्सीतही इतके सारखे दिसतात की आपल्याकडे अनेकांना आधी टीबीची औषधं घ्यावी लागतात. आम्हीही त्यातून गेलो.

आणि मूल बरं दिसू लागलं की “आता गोळ्या कशाला, अमक्याचा काढा घ्या” असं सांगणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. त्रास नसतानाही आत सूज असू शकते. म्हणून तर शौचाच्या नमुन्यातून कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन, तपासतात. तो बरा दिसतोय तो त्या गोळ्यांमुळेच.

पुढच्या वर्षी दहावी आहे. बोर्डाच्या पेपरला अनोळखी शाळा, अनोळखी पर्यवेक्षक. दाराजवळची जागा, विनाविलंब बाहेर जाण्याची मुभा आणि गेलेला वेळ भरून मिळावा, एवढं मागणारा अर्ज डॉक्टरांच्या पत्रासह शाळेमार्फत आत्ताच देतो आहोत. कुणाच्या मुलासाठी अशी परवानगी मिळाली असेल तर अर्ज कसा केला होता ते कमेंटमध्ये लिहा. आमच्या शाळेला दिलेल्या पत्राचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, नावं काढून पाठवते.