अपडेटच तर करायचंय

नव्या आर्किटेक्चरच्या, म्हणजे वेगळ्या आज्ञावलीवर चालणाऱ्या, प्रोसेसरसाठी ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, अद्ययावत करतो आहे, असे चारचौघांत सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. तो आदर मी आजवर कधी नाकारलेला नाही. मात्र खरे सांगायचे तर या कामात विज्ञान चिमूटभर असते आणि उरलेला सगळा वेळ कोणता भाग कोणत्या पत्त्यावर राहतो याची कारकुनी करण्यात जातो.

आमची कंपनी शेतातल्या पंपांवर लक्ष ठेवणारी छोटी यंत्रे बनवते. ‘रिस्क-फाइव्ह’ हे आर्किटेक्चर कोणालाही परवान्याचे शुल्क न भरता वापरता येते, ही वार्ता आमच्या साहेबांना एका प्रदर्शनात समजली आणि ते तिथूनच प्रभावित होऊन परतले. वार्ता खरीच होती. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात २०१० साली जन्मलेल्या या आर्किटेक्चरवर मद्रास आयआयटीने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर घडवले आहेत. आमच्या वाट्याला आलेला बोर्ड मात्र या दोहोंपैकी कोणाचाही नव्हता, आणि तो कोणाचा होता हे सांगून कोणाचेच भले होणार नाही.

बोर्डाच्या खोक्यावर ‘लिनक्स सपोर्टेड’ असे छापलेले होते आणि ते शब्दशः खरे होते. फक्त ती लिनक्स कर्नलची ५.१० ही जुनी आवृत्ती होती, त्यावर उत्पादकाने आपले पॅच, म्हणजे बदलांची ठिगळे, थरावर थर चढवलेले होते, आणि ते कशासाठी चढवले हे ज्यांना ठाऊक होते ते बहुधा दुसरीकडे नोकरीला लागले होते. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या प्रतीत येईनाशा झाल्या होत्या, म्हणून ६.१२ या आवृत्तीवर जाणे भाग होते.

“अहो, अपडेटच तर करायचंय ना?” साहेब म्हणाले. “माझा फोन रात्री मी झोपलो असताना करतो.”

साहेबांच्या फोनसाठी कोणीतरी रात्रीचे जागलेले असते, हे त्यांना सांगण्याची सोय नव्हती.

कर्नलने एखाद्या आर्किटेक्चरला ‘सपोर्ट’ देणे ही मोठी मौजेची गोष्ट आहे. लिनक्सचे जनक लायनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली आपल्या नव्या प्रणालीची घोषणा केली तेव्हा ती इंटेलचा ३८६ प्रोसेसर सोडून अन्यत्र नेता येण्याजोगी नाही, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. आज कर्नलच्या ‘आर्च’ या फोल्डरमध्ये वीसएक आर्किटेक्चरे नांदतात, आणि ज्याच्यावर ही प्रणाली जन्मली त्या ३८६ लाच २०१३ मधील ३.८ या आवृत्तीपासून बाहेरची वाट दाखवण्यात आली. रिस्क-फाइव्हचा गृहप्रवेश झाला जानेवारी २०१८ मध्ये, ४.१५ या आवृत्तीत. परंतु तो इतक्या थाटात झाला की वेळ मोजणारा टायमर आणि भागांच्या हाका (इंटरप्ट) प्रोसेसरपर्यंत पोहोचवणारा इंटरप्ट कंट्रोलर यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारे प्रोग्रॅम, सोबत आलेच नाहीत. ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ४.१९ मध्ये आले. मधल्या काळात मूळ कर्नलमध्ये रिस्क-फाइव्हचा सपोर्ट होता, फक्त रिस्क-फाइव्हवर तो कर्नल चालू करता येत नव्हता. खोक्यावरचा मजकूर लिहिणाऱ्याला हा इतिहास पाठ असावा, अशी माझी शंका आहे.

कर्नलमध्ये काय काय घ्यायचे याची यादी म्हणजे त्याची संरचना. जुनी संरचना नव्या कर्नलला दिली की तो मधल्या आवृत्त्यांत वाढलेल्या प्रत्येक सोयीविषयी आपल्याला स्वतंत्र प्रश्न विचारतो आणि ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘मॉड्यूल’ (म्हणजे वेगळ्या फाइलीत ठेवा, लागेल तेव्हा घेऊ) असे उत्तर मागतो. हे यंत्र जन्मात पाहणार नाही अशा कार्डांचे, मी ज्यांची नावेही ऐकलेली नाहीत अशा चिप्सचे ड्रायव्हर हवेत का, हे सारे तो अदबीने विचारतो. मदत मागितली तर शेवटी पुष्कळदा एक ओळ येते: ‘खात्री नसल्यास नाही म्हणा.’ हा सल्ला मी प्रामाणिकपणे पाळला असता तर कर्नल पूर्णपणे रिकामा निघाला असता.

खरी कसोटी पुढे, डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरील भागांच्या नोंदवहीत, होती. घरच्या पीसीमध्ये बहुतेक भाग विचारल्यावर आपली ओळख सांगतात. अशा बोर्डावर कोणीही आपण होऊन तोंड उघडत नाही. सिरियल पोर्ट कोणत्या पत्त्यावर आहे, त्याचा इंटरप्ट कितवा, त्याला क्लॉक (काम चालू ठेवणारा ठोका) कोण पुरवतो, त्याची रजिस्टरे (आतले छोटे कप्पे) एकेका बाइटाच्या अंतरावर आहेत की चार-चार बाइटांच्या, हे सर्व एका फाइलीत आपणच लिहून द्यायचे. उत्पादकाने ही फाइल दिलेली होती, परंतु तिच्यातील निम्म्या भागांची नावे त्याने मनाला येतील तशी ठेवलेली होती. मूळ कर्नलमधील ड्रायव्हर वेगळ्या नावाची वाट पाहत बसतो, नाव जुळले नाही की तो उठतच नाही, आणि उठलो नाही असे कळवतही नाही.

बोर्डाला पडदा नसल्यामुळे त्याचे म्हणणे ऐकायला लॅपटॉपला सिरियल केबल लावावी लागते. तिच्यात चार वायरी असतात: काळी ग्राउंडची, हिरवी व पांढरी बोलण्या-ऐकण्याची, आणि लाल विजेची. “सर, लाल लावू नका हं, बोर्डला वेगळा सप्लाय आहे,” असे आमच्याकडील नव्या अभियंता मुलीने वेळेवर सांगून ठेवले. मग सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगाने बूटलोडरचा, म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मजकूर धो-धो वाहू लागला आणि ‘स्टार्टिंग कर्नल’ या ओळीपुढे तीन टिंबे उमटून थांबला. ती तीन टिंबे मी जेवढा वेळ पाहत बसलो तेवढा वेळ मी लग्नाचे फोटोही पाहिलेले नाहीत. साहेब दोनदा डोकावून ‘लोडिंग होतंय वाटतं’ म्हणून गेले.

रजिस्टरांचे अंतर उत्पादकाच्या फाइलीत नव्हतेच. ते त्याच्या ड्रायव्हरमध्ये दडवलेले होते. ते फाइलीत आणल्यावर कर्नल बोलू लागला, भरभरून बोलला, आणि ‘वापरात नसलेली क्लॉक बंद करत आहे’ अशा अर्थाची ओळ छापून पुन्हा कायमचा गप्प झाला. आमचे आजोबा ज्या खोलीतून आवाज येत नाही ती रिकामीच असणार अशा खात्रीने दिवा मालवत असत, मग आत नातू निमूटपणे गणिते सोडवत बसलेला का असेना. कर्नलचा हिशेब हाच आहे: ज्या क्लॉकची एकाही ड्रायव्हरने मागणी नोंदवली नाही, ते बिनकामाचे. प्रोसेसर ज्या बसवरून, म्हणजे सामाईक तारांवरून, साऱ्या भागांशी बोलतो, तिच्याच क्लॉकची मागणी कोणी नोंदवली नव्हती. उत्पादकाने यावर काय उपाय केला होता, हे शोधले तेव्हा मला त्याचे कौतुकच वाटले. त्याने काहीच दुरुस्त न करता, ‘काहीही बंद करू नकोस’ अशी ताकीद कर्नलला बूटच्या वेळीच देऊन ठेवलेली होती. आम्ही क्लॉकच्या ड्रायव्हरमध्ये त्या एका क्लॉकवर ‘अत्यावश्यक’ असा शिक्का मारला.

त्यानंतर ‘कर्नल पॅनिक’ आला, म्हणजे कर्नलने हात टेकले, कारण एसडी कार्ड वाचणारा ड्रायव्हर तयार संरचनेत मॉड्यूल म्हणून नेमलेला होता आणि ते मॉड्यूल त्याच कार्डावर ठेवलेले होते. हा पेच मात्र संरचनेत ‘मॉड्यूल’ऐवजी ‘हो’ लिहून, एका अक्षराच्या बदलात सुटला, लॉगिनची ओळ उमटली, नेटवर्क लागले आणि मी साहेबांना सन्मानाने बोलावून आणले.

साहेबांनी चष्मा लावून पडदा नीट वाचला. “नवं करायला सांगितलं होतं ना?” ते म्हणाले. “हे तर १ जानेवारी १९७० दाखवतंय.”

वेळ सांगणारे कोणी नसले की यंत्र त्या तारखेपासून मोजायला सुरुवात करते, हे मी समजावले. घड्याळाच्या बॅटरीसाठी बोर्डावर एक सुबक खण आहे आणि तो रिकामा आहे, हेही दाखवले.

“मग बॅटरी घाला की,” साहेब म्हणाले.

बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. त्या घड्याळाचा ड्रायव्हर ६.१२ मध्ये नाही.