रुमालाखालचा भाव

परत एकदा तो फॉरवर्ड आला. मोडी ही मराठ्यांची गुप्त लिपी, शत्रूला वाचता येऊ नये म्हणून बनवलेली, अभिमान असेल तर शेअर करा. अहो अभिमान आहेच, पण मोडी गुप्त कुठे होती? कारकुनाचा हात कागदावरून न उचलता भराभर चालावा म्हणून ती वळणं. जमाखर्च, जमिनीचे कागद, घरगुती पत्रं सगळं तिच्यात, आणि पार विसाव्या शतकापर्यंत ती शाळेत शिकवायचे. गुप्त लिपी कोणी शाळेत शिकवतं होय? आज आपल्याला वाचता येत नाही म्हणून ती गुप्त, एवढंच.

खरी गुपितं बघायची तर बाजारात जा.

मी आठवी-नववीत असताना चुलत्यांबरोबर बैलबाजारात गेलो होतो, आमचा एक खोंड विकायचा होता. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आला, खोंडाचे दात बघितले, पाठीवर थाप मारली आणि एक शब्द न बोलता खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या आणि काकांच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली काय चाललंय ते दिसेना. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच, आणि ते शंभर की हजार हे जनावर बघून दोघांनाही कळतंच. काका दुसरीकडेच बघतायत, चेहरा असा की जणू बसची वाट बघतायत. मग हेड्याने हात झटकला, दोन पावलं गेला, परत आला, परत टॉवेल. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी पण भाव कोणालाच कळला नाही, कारण तो कळला की पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला जागाच राहत नाही ना. मुंबईच्या बाजारात हापूसच्या पेट्यांचे सौदेही वर्षानुवर्षं असेच रुमालाखाली झालेत. पण तिथे रुमालाखाली हात दलालाचा आणि घेणाऱ्याचा, ज्याचा माल आहे तो बागायतदारच रुमालाच्या बाहेर उभा, मग गुपित नक्की कोणापासून, हा प्रश्न येतोच आणि तो चुकीचा नाहीये.

तोंडाने बोलायची वेळ आली तर त्यालाही सोय होती. नंदभाषा! दलाल, सराफ, कापडवाले यांची. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन दलाल "मुळूवर सोडू का" असं बिनधास्त बोलणार आणि गिऱ्हाइकाला वाटणार कोणाचं तरी नाव घेतायत. मोल्सवर्थ या इंग्रजाच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात हे शब्द सापडतात, म्हणजे साहेबाने तेही टिपून घेतलं.

आणि पानिपतची बातमी आठवा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, आणि वाटेत त्यांच्या हाती जे पत्र पडलं ते सावकारी पत्र होतं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. मोती म्हणजे पेशव्यांचे चुलतभाऊ भाऊसाहेब आणि मुलगा विश्वासराव. लिहिणाऱ्याने नवीन काही शोधलं नाही, पेढीवर रोज वापरतात तेच शब्द घेतले, वाटेत कोणी पत्र फोडलं असतं तरी त्याला वाटलं असतं कुठल्यातरी शेटजीचं दिवाळं निघालंय. मला तर हे कुठल्याही हेरकथेपेक्षा भारी वाटतं. आणि भयानकही, कारण बापाला मुलगा गेल्याचं असं हिशेबाच्या भाषेत कळलं.

दुसरं टोक महानुभाव पंथाचं. त्यांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा लिप्यांत लिहून ठेवल्या. सकळ लिपी तशी सोपी, एका अक्षराच्या जागी दुसरं. असली अदलाबदल कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून फोडता येते, बगदादच्या अल-किंदीने हे नवव्या शतकातच लिहून ठेवलंय. पण मोजायला आधी पोथी हातात यावी लागते आणि पंथाबाहेरच्या माणसाला ती कोण देणार? त्यामुळे तेराव्या शतकातलं लीळाचरित्र, मराठीतलं पहिलं मोठं गद्य, बाकीच्या मराठी जगाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास माहीतच नव्हतं. राजवाडे, भावे या संशोधकांच्या काळात ते कोडं सुटलं. सहाशे वर्षं! इथे आमच्या ग्रुपवर साखरपुड्याची बातमी सहा मिनिटं टिकत नाही.

तर सांगायचं म्हणजे कोणाच्या घरात जुनं दुकान, आडत, पेढी असेल तर आजोबांना नंदभाषेबद्दल विचारा आणि कमेंटमध्ये टाका. मी गेल्या महिन्यात काकांना विचारलं की त्या दिवशी टॉवेलाखाली शेवटी तुम्ही एक बोट मुडपलं होतं, टॉवेलावरून मला कळलं होतं, त्याचा अर्थ काय. काका आता ऐंशीच्या घरात आहेत, बैल विकून सुद्धा जमाना झाला.

हसले आणि म्हणाले, "का रे, तुला खोंड घ्यायचाय का?"